बिट्टीची बी पोटात गेल्यानंतर

११ ऑगस्ट २०२४ रोजी, रविवारी संध्याकाळी, आमच्या सात वर्षांच्या मुलाने सोसायटीच्या आवारातल्या बिट्टीच्या झाडाची बी फोडून आतला गर खाल्ला. तो आता पूर्ण बरा आहे. रुग्णालयातले दिवस, पोलीस जबाब, विम्याची कागदपत्रे आणि शेवटी त्या झाडासंबंधी महापालिकेकडे केलेला अर्ज या सगळ्यातून जाताना पुढची पायरी कोणती हे सांगणारे फार थोडे मिळाले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय भाग आमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी समजावून सांगितला तसा लिहिला आहे. प्रत्येक रुग्णाचे उपचार त्याच्या वयावर, वजनावर आणि पोटात गेलेल्या मात्रेवर ठरतात, हे वाचताना ध्यानात असू द्यावे.

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. पुण्यात जुन्या बंगल्यांच्या कुंपणाला आणि सोसायट्यांच्या भिंतींलगत ती सर्रास दिसते. तिला पाणी फारसे लागत नाही, गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि वर्षभर फुले येतात, त्यामुळे ती लावणाऱ्यांना सोयीची वाटते. श्रावणात ही पिवळी फुले शंकराला वाहतात. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ते झाड मुलांच्या घसरगुंडीपासून पाच-सहा पावलांवर होते, आणि दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार असल्याने त्या संध्याकाळी एकदोघींनी फांद्या ओढून फुले काढली होती. त्या ओढाताणीत पिकून काळपट झालेली फळे खाली पडली. फळाच्या गराखाली टणक कोय असते आणि कोयीत पांढरट बिया असतात. आवाराच्या दुसऱ्या टोकाला देशी बदामाचे झाड आहे. त्याची फळे दगडाने फोडून आतला बदाम खाणे हा मुलांचा नेहमीचा उद्योग आहे. तोच दगड आणि तीच रीत त्यांनी बिट्टीला लावली.

पावणेसहाच्या सुमारास त्याच्याबरोबर खेळणारी मुलगी वर आली आणि म्हणाली, "काकू, त्याने पिवळ्या फुलाच्या झाडाचा बदाम खाल्ला. खूप कडू आहे म्हणाला. मी नाही खाल्ला." मी खाली धावले. मुलगा नळावर चूळ भरत होता आणि जीभ झिणझिणते आहे असे सांगत होता. बिट्टीचे सगळेच भाग विषारी असून बियांत विष सर्वांत जास्त असते, एवढे माझ्या माहेरी सर्वांना ठाऊक होते, कारण आमच्या गावात या झाडाच्या बिया खाऊन जनावर दगावल्याची गोष्ट मोठी माणसे नेहमी सांगत. त्याच्या तोंडात राहिलेले कण मी बोटाला ओले फडके गुंडाळून काढले आणि पुन्हा चुळा भरायला लावल्या.

सासूबाई मीठपाणी घेऊन आल्या होत्या. त्यांच्या पिढीत विषबाधेवरचा पहिला उपाय तोच होता. तेवढ्यात आमच्या बालरोगतज्ज्ञांचा फोन लागला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. उलटी करवू नका, कारण त्यात वेळ जातो आणि ठसका लागून पोटातले फुफ्फुसात जाण्याची भीती असते. दूध, तूप, मीठपाणी यांपैकी काहीही पाजू नका. आणि ज्या रुग्णालयात मुलांचा अतिदक्षता विभाग आहे तिथेच थेट जा. सासूबाईंनी काही न बोलता पेला खाली ठेवला आणि विम्याच्या कार्डाची पिशवी आणून माझ्या हातात दिली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. माझे दीर खाली थांबले आणि त्या मुलीला शांतपणे विचारून, दगडाभोवतीची फोडलेली टरफले, अर्धवट चावलेला गर, एक अख्खे फळ आणि पानाफुलांसह एक डहाळी असे सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून त्यांनी आमच्या मागोमाग आणून दिले. टरफलांवरून अंदाज निघाला की एक बी पूर्ण आणि दुसरीचा साधारण अर्धा भाग पोटात गेला असावा. डॉक्टरांना त्या पिशवीचा जितका उपयोग झाला तितका आमच्या घाबऱ्याघुबऱ्या वर्णनाचा झाला नसता. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, किती आणि किती वाजता, ही चार उत्तरे त्यांनी आल्याआल्या मागितली. पिशवी हाताळल्यावर हात धुवावेत आणि ती खाण्याच्या वस्तूंजवळ ठेवू नये.

आम्ही शेजाऱ्यांच्या गाडीने निघालो. गाडी मिळत नसेल तर १०८ ही रुग्णवाहिका सेवा विनामूल्य आहे. वाटेतल्या एका छोट्या रुग्णालयात शिरलो, कारण मुलाला मळमळू लागले होते. तिथल्या कर्मचाऱ्याने "विषबाधा म्हणजे पोलीस केस, आम्ही घेत नाही, ससूनला न्या" असे काउंटरवरूनच सांगितले. कोणाही डॉक्टरने मुलाला पाहिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, मग तो डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आणि कायदेशीर सोपस्कारांसाठी तातडीचे उपचार अडवता येत नाहीत. त्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग नसेल, तर रुग्णाला तपासून आणि स्थिर करून पुढे पाठवणे समजण्यासारखे होते. न तपासता परत पाठवणे मला आजही अमानुष वाटते. वाद घालायला वेळ नव्हता. ससून सर्वोपचार रुग्णालय हा चांगला पर्याय होताच, तिथे अनामत रकमेचा प्रश्नही येत नाही, पण बालरोगतज्ज्ञांनी ज्या मोठ्या रुग्णालयात आधीच फोन करून ठेवला होता ते आम्हाला जवळ पडले. कर्वे रस्त्यावर गाडीतच त्याला पहिली उलटी झाली.

पावणेसातला आम्ही तातडीच्या विभागात पोहोचलो. वजन केले, ते २२ किलो भरले. ईसीजी काढला, रक्त घेतले, बोटाला ऑक्सिजन मोजण्याची चिमटी लावली आणि नाकातून जठरात नळी घातली. त्या नळीतून औषधी कोळसा पाण्यात कालवून दिला. वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण एक ग्रॅम असे त्याचे माप असते, म्हणजे आमच्या मुलासाठी वीस-बावीस ग्रॅम. हा चुलीतला कोळसा नव्हे. त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांवर विष चिकटून राहते आणि आतड्यातून रक्तात शोषले जाण्याऐवजी शौचावाटे बाहेर पडते. विष पोटात गेल्यापासून पहिल्या तासाभरात तो दिला तर सर्वांत चांगला, पण बिट्टीच्या बाबतीत थोडा उशीर झाला तरी देतात, असे डॉक्टर म्हणाले. पुढचे दोन दिवस शौचाचा रंग डांबरासारखा काळा असतो, त्याने घाबरू नये. अंगावरचे कपडे मात्र कायमचे काळे होतात.

नोंदणीच्या खिडकीवर ३०,००० रुपये अनामत भरायला सांगितले. माझ्या पतींच्या कार्यालयाचा गटविमा होता, तरीही रविवारी टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेची, मंजुरी येईपर्यंत रक्कम भरावीच लागली. ज्यांच्याकडे खासगी विमा नाही त्यांनी, ते रुग्णालय योजनेत असल्यास, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राच्या कक्षात पहिल्याच दिवशी चौकशी करावी. रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्यावे.

साडेसातच्या सुमारास उलट्या थांबल्या. मुलगा दमून झोपला, नाडी ठीक होती, पहिला ईसीजी जवळजवळ सामान्य होता आणि रक्तातले पोटॅशियम ४.६ आले. मी डॉक्टरांना विचारले की आता घरी केव्हा नेता येईल. त्यांनी खुर्ची ओढून मला समोर बसवले आणि जे सांगितले तो या साऱ्या लिखाणाचा गाभा आहे. उलटी थांबली म्हणजे विष उतरले असे नव्हे. बिट्टीतली थेवेटिन, पेरुव्होसाइड ही द्रव्ये हृदयरोगात वापरल्या जाणाऱ्या डिगॉक्सिनच्या जातीची आहेत. पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा जो पंप असतो, त्यालाच ती अडवतात. पंप अडला की पोटॅशियम रक्तात साचते, हृदयाच्या स्नायूपेशींत कॅल्शियम वाढते, आणि जोडीला हृदयाची गती मंदावणारी मज्जातंतूंची क्रिया जोर धरते. त्यामुळे ठोके मंद होतात, अनियमित होतात, आणि वरच्या कप्प्याचा संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचण्यात अडथळा येतो. हे पहिल्या दोन-तीन तासांतच घडेल असे नाही. बी आतड्यात सावकाश विरघळत राहते आणि वरवर बरा दिसणारा रुग्ण कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, एकाएकी बिघडू शकतो. म्हणून काहीही लक्षण नसले तरी किमान चोवीस तास मॉनिटरवर ठेवायचे, आणि ईसीजीत बदल दिसला तर तो पूर्ण सुधारेपर्यंत हलवायचे नाही.

उताऱ्याबद्दलही मी विचारले. डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांचे एक इंजेक्शन असते. श्रीलंकेत या बियांच्या विषबाधेचे प्रमाण मोठे असल्याने तिथे यावर पुष्कळ संशोधन झाले आहे, आणि हे प्रतिपिंड बिट्टीवरही काम करतात हे २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत दिसले. पण ते अतिशय महाग आहे आणि आपल्याकडे सहजी मिळत नाही. कोळसा पुन्हापुन्हा द्यावा की एकदाच, यावर त्याच देशातल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत, हेही डॉक्टरांनी लपवले नाही. आमच्या मुलाला तो सहन होत होता म्हणून त्यांनी दर सहा तासांनी कमी मात्रेत आणखी दोनदा दिला. जे नक्की आहे ते नक्की म्हणून आणि जे नाही ते तसे सांगणाऱ्या डॉक्टरांमुळे मला त्या रात्री फार धीर आला.

त्यांनी माझ्यासमोरच दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्रालाही फोन केला. १८०० ११६ ११७ हा त्यांचा निःशुल्क क्रमांक आहे. कोणतीही विषबाधा झाली तर सर्वसामान्य माणूसही तिथे विचारू शकतो. रुग्णालयाच्या वाटेवर असतानाच फोन करावा. फोनसाठी वाट बघत घरी थांबू नये.

रात्री मुलांच्या अतिदक्षता विभागात एका वेळी एकाच पालकाला आत बसू देत होते. अकराच्या रक्ततपासणीत पोटॅशियम ५.४ झाले. साडेबारानंतर मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा ८८ वरून ७६, मग ७० असा उतरत गेला. अडीचच्या सुमारास तो ५६ झाला आणि गजर वाजू लागला. मुलगा जागा होता, "आई, चक्कर येते" एवढेच म्हणाला. त्याचे तळवे गार आणि ओलसर लागत होते. ईसीजीच्या पट्टीवर निवासी डॉक्टरांनी मला दाखवले : दोन लहरींमधले अंतर प्रत्येक ठोक्याला थोडे थोडे वाढत जात होते आणि मग एक ठोका पूर्ण गळत होता. त्यांनी शिरेतून ॲट्रोपिन दिले. मिनिटभरात आकडा ९० च्या वर गेला. ॲट्रोपिन हे द्रव्य निसर्गात धोतऱ्यासारख्या विषारी वनस्पतींत सापडते. धोतऱ्याच्या विषबाधेत तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळू लागतो आणि हृदय धडधडू लागते, म्हणजे नेमके उलटे. त्याच द्रव्याची मोजलेली मात्रा माझ्या मुलाचे मंदावलेले हृदय सावरत होती. मी त्या बाटलीकडे पाहत राहिले आणि पहिल्यांदाच मला रडू आले.

पहाटे साडेतीनला तात्पुरत्या पेसमेकरच्या संमतिपत्रावर आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. ॲट्रोपिनने भागले नाही तर मानेच्या किंवा मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत एक बारीक तार नेऊन बाहेरून ठोके द्यावे लागतात. खर्चाचा अंदाज साधारण ४५,००० रुपयांचा सांगितला. हृदयरोगतज्ज्ञांना घरून बोलावून ठेवले होते. संमतिपत्र मराठीत मागितले तर मिळते. इंग्रजी कागदावर अर्ध्या झोपेत सही करण्यापेक्षा मराठी प्रत मागून वाचावी, कोणी नाही म्हणत नाही. पेसमेकरची वेळ आली नाही. सकाळी सहाला ॲट्रोपिनचा आणखी एक डोस द्यावा लागला, दुपारी पोटॅशियम ५ च्या खाली आले, आणि सोमवारच्या संध्याकाळपासून ठोका गळणे थांबले. दोन लहरींतले वाढलेले अंतर मात्र बुधवारी, १४ तारखेला सकाळी पूर्ववत झाले. रक्तातली डिगॉक्सिनची पातळी तपासण्यासाठी १,३०० रुपये पडले. या तपासणीत बिट्टीचे विष काही प्रमाणात दिसते, त्यामुळे निदानाला पुष्टी मिळते, पण आकड्यावरून विषाचे प्रमाण ठरवता येत नाही, म्हणून त्या अहवालाकडे टक लावून बसू नये.

बाहेरच्या बाकावर मुळशी तालुक्यातून आलेले एक कुटुंब होते. त्यांच्या मुलीने शाळेमागच्या मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्या होत्या. तिला इतक्या उलट्या-जुलाब झाले की ती अगदी कोमेजून गेली होती, आणि तिच्या आजीला वाटत होते की आमचा मुलगा सुदैवी, त्याला एवढा त्रास नाही. प्रत्यक्षात ती मुलगी सलाईनवर रात्रीत सावरली आणि दुसऱ्या दिवशी घरी गेली, कारण मोगली एरंडाचा मारा मुख्यतः पोटावर असतो आणि शरीरातले पाणी-क्षार भरून काढले की बहुतेक मुले लवकर बरी होतात. वरून दिसणारा त्रास आणि आतला धोका यांचे प्रमाण सारखे नसते, हे मी तिथे शिकले. गुंजेची लाल-काळी बी अख्खी गिळली तर कठीण टरफलामुळे बहुधा तशीच बाहेर पडते, पण चावली तर अब्रिन हे जहाल विष सुटते आणि त्याचा परिणाम दिसायला कित्येक तास, कधी एखादा दिवसही जातो. कळलावीचा कंद खाल्ल्यावरही आधी फक्त जुलाब-उलट्या दिसतात, आणि मग काही दिवसांनी रक्तपेशी कमी होणे, केस गळणे असे प्रकार घडतात, कारण त्यात कोल्चिसिन असते. कोणत्याही वनस्पतीच्या बाबतीत "आता बरा दिसतोय" हा निर्णय घरी बसून घेऊ नये.

आता पोलीस प्रकरणाबद्दल, कारण सर्वांत जास्त भीती त्याचीच असते. विषबाधेचा रुग्ण दाखल झाला की रुग्णालय एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद करते आणि जवळच्या पोलीस चौकीला कळवते. हा नियमित भाग आहे, आपल्यावर संशय घेतला असा त्याचा अर्थ नाही. नळीतून आलेले जठरातले पहिले पाणी रुग्णालयाने सीलबंद करून ठेवले. सोमवारी रात्री एक हवालदार आले. "ताई, घाबरू नका, मुलगा कसा आहे ते आधी सांगा," असे म्हणून त्यांनी सुरुवात केली. कुठे, केव्हा, कोणाबरोबर खेळत होता, घरात काही भांडण वगैरे, झाड कोणाच्या जागेत आहे, असे प्रश्न होते. जबाब मराठीत लिहिला आणि वाचून दाखवला. त्यात "बिट्टीचे फळ खाल्ले" असे आले होते, ते मी "फळातील बी खेळताना अपघाताने खाल्ली" असे दुरुस्त करून घेतले आणि मगच सही केली. "अपघाताने" या शब्दावर पुढे विम्याचे बरेच काही अवलंबून राहिले. एमएलसी क्रमांक, चौकीचे नाव आणि जबाबाची तारीख त्याच वेळी वहीत लिहून घ्यावी.

विम्याची पहिली मंजुरी सोमवारी दुपारी नाकारली गेली नाही, पण अडकली. विषबाधा अपघाती की हेतुपुरस्सर, अशी शंका टीपीएने काढली होती, कारण स्वतःहून करून घेतलेली इजा पॉलिसीत वगळलेली होती. सात वर्षांच्या मुलाबाबत ही शंका वाचताना मनाला फार लागले, पण ती छापील प्रश्नावलीतून आली होती आणि तिला कागदानेच उत्तर द्यायचे होते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे "अपघाती सेवन" असे स्पष्ट लिहिलेले प्रमाणपत्र आणि एमएलसीची प्रत, हे दोन कागद मंगळवारी सकाळी दिल्यावर संध्याकाळी मंजुरी आली. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची पहिली विनंती आल्यापासून तासाभरात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत देणे विमा कंपनीवर बंधनकारक आहे. मी त्या परिपत्रकाचा उल्लेख करून टीपीएला ईमेल पाठवला होता. त्यामुळे गती आली की नाही हे सांगता येणार नाही, पण वेळेची लेखी नोंद राहिली.

१५ ऑगस्टला सकाळी डॉक्टरांनी घरी जाण्यास परवानगी दिली. सुट्टीचा दिवस असूनही अंतिम मंजुरी दुपारी दोनच्या आत आली. एकूण बिल ९२,४०० रुपये झाले. त्यातले हातमोजे, सिरिंज, नोंदणी शुल्क असे विम्यात न बसणारे ७,१५० रुपये आमच्याकडून कापून अनामत रकमेतला उरलेला भाग परत मिळाला, तोही आठवड्याने खात्यात. घरी सोडतानाच्या सारांशात वनस्पतीचे नाव, खाल्ल्याची वेळ, दिलेले डोस आणि शेवटचा ईसीजी हे सर्व आहे ना, ते खिडकी सोडण्यापूर्वीच तपासावे. आमच्या सारांशात आधी नुसते "अज्ञात विष" असे आले होते. डॉक्टरांनी ते तिथेच बदलून "कॅस्काबेला थेवेटिया, पिवळी कण्हेर, अपघाती" असे करून दिले.

२२ ऑगस्टच्या फेरतपासणीत ईसीजी सामान्य आला आणि शाळेत खेळायला परवानगी मिळाली. मुलगा पंधरा दिवस रात्री दचकून उठत होता आणि छातीवर हात ठेवून "चालू आहे ना?" असे विचारत होता. आम्ही त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन स्टेथोस्कोपमधून स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकवले. ते फार कामी आले. ज्या मैत्रिणीने वर येऊन सांगितले, तिला आम्ही सगळ्यांनी मिळून शाबासकी दिली. तिला घरी कोणी रागावले असते तर पुढच्या वेळी एखादे मूल गप्प बसले असते, हे तिच्या आईबाबांनाही पटले.

मग झाडाचा प्रश्न आला. ते रातोरात तोडावे असे काहींचे म्हणणे होते. पण महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय खासगी आवारातले झाडही तोडता येत नाही. आम्ही सोसायटीचा ठराव, झाडाची छायाचित्रे, खेळाच्या जागेपासूनचे अंतर दाखवणारा साधा नकाशा आणि रुग्णालयाच्या सारांशाची प्रत जोडून क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला. सप्टेंबरात, गणपतीनंतर, उद्यान विभागाचे कर्मचारी पाहणीला आले. झाडावर हरकतींसाठी नोटीस लागली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बदली झाडे लावण्याच्या अटीवर परवानगी मिळाली. मधल्या काळात आम्ही तिथे जाळी लावली आणि पडलेली फळे रोज गोळा करण्याचे काम माळीकाकांनी हातमोजे घालून केले. वाळल्याने या बियांचे विष जात नाही, म्हणून त्या कचऱ्याच्या उघड्या ढिगावर टाकू दिल्या नाहीत, आणि फांद्याही जाळू दिल्या नाहीत, कारण कण्हेरीचा धूरही त्रासदायक असतो. त्या जागी आता एक बकुळ आणि एक तामण लावली आहे.

सगळीच विषारी झाडे तोडावीत असे मात्र मला वाटत नाही. रस्त्यांच्या दुभाजकांवर कण्हेर आहे, पडीक जागेत धोतरा, रुई आणि एरंड आहे, आमच्याच इमारतीच्या प्रवेशद्वारात डिफेनबाकियाची कुंडी आहे, जिचे पान चावले तर सुईसारख्या स्फटिकांनी जीभ आणि घसा सुजतो. मुलांच्या खेळाच्या जागेजवळ फळे गाळणारे झाड नको, एवढाच माझा आग्रह होता. बाकीच्या झाडांवर समितीने मराठी नावाच्या पाट्या लावल्या आणि प्रत्येक पाटीवर "फूल, फळ, पान तोंडात घालू नये" असे लिहिले. रविवारी मुलांना घेऊन एक चक्कर मारली आणि वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या शेजारीणबाईंनी प्रत्येक झाड पानाच्या मांडणीवरून आणि चिकावरून कसे ओळखायचे ते दाखवले.

विम्याचा एक भाग शेवटपर्यंत बाकी होता. घरी आल्यानंतरच्या तपासण्या, फेरतपासणीचा ईसीजी आणि औषधे यांचा खर्च पॉलिसीप्रमाणे मिळतो, पण त्यासाठी वेगळा दावा ठरलेल्या मुदतीत भरावा लागतो. मूळ पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी, सारांशाची प्रत आणि रद्द केलेला धनादेश जोडून आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस ३,८६० रुपयांचा दावा केला. देण्यापूर्वी प्रत्येक कागदाची छायाप्रत काढून ठेवली होती, आणि एक पावती टीपीएकडे गहाळ झाली तेव्हा तीच उपयोगी पडली. ती रक्कम २८ ऑक्टोबरला खात्यात जमा झाली आणि पोलीस चौकीतूनही पुढे कोणतेही बोलावणे आले नाही.